आमच्या ह्यांचा कान

आमच्या ह्यांचं लग्न माझ्याशी झालं असलं तरी संसार पंपांशी झालेला आहे. एकतीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच दुरुस्ती विभागात. पंप चालू करायचा, लांब पेचकसाचं टोक त्याच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग डोळे न उघडताच सांगायचं, "मागचं बेअरिंग. आठ दिवस काढेल." आणि ते आठव्या दिवशी जायचं. एकदा एका बेअरिंगने अकरा दिवस काढले, तर स्वारी तीन दिवस घुश्शात होती.

घरी तरी सुटका आहे का? मी लोकांचे पडदे, शाळेचे गणवेश असं शिवणकाम करते. हे दारात बूट काढता काढता आतल्या माझ्या मशीनला उद्देशून म्हणणार, "बॉबिनखाली दोरा अडकलाय." मी रागाने बघते, तर खरंच अडकलेला असतो. अशा माणसाच्या घरात रागाने कपाट आपटायचीही सोय नाही. कुठलं कपाट, कुठली बिजागरी आणि तिला तेल कधी घातलं होतं, हे सगळं ऐकून घ्यावं लागतं. माझा राग राहतो बाजूला.

एवढा कान लाभलेल्या माणसाला कारखान्याने एका पानाचा कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, 'कामाचं ज्ञान उत्तम. बोलणं कळत नाही.'

झालं होतं असं, की कारखान्याने दुरुस्ती विभागच बंद करायचं ठरवलं. पंप आता देशोदेशी जायला लागले होते. बिघडलेला पंप एवढ्या लांबून परत कोण आणणार? त्यापेक्षा तिकडच्या माणसाने इकडे फोन करावा, इकडच्या जाणकाराने सांगावं आणि तिकडच्याने दुरुस्त करावं. त्यासाठी आठ खुर्च्या मांडल्या. विभागात माणसं सव्वीस. इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत जो पास होईल त्याला खुर्ची, बाकीच्यांना निरोप समारंभ. ह्यांना निवृत्तीला चार वर्षं बाकी होती. इंग्रजी वाचता यायचं, अहवाल तर पानंच्या पानं लिहायचे. पण मुख्य कार्यालयातल्या परीक्षक बाईंनी फोनवर दहा मिनिटं बोलून घेतलं आणि तो कागद पाठवला. खाली लिहिलं होतं, तीन महिन्यांनी आणखी एक संधी.

ह्यांनी कागद वर्तमानपत्राखाली सरकवला. मी काढून वाचला आणि सवयीने बोलून गेले, "बोलणं कळत नाही हे मी अठ्ठावीस वर्षं सांगतेय. पण माझ्याकडे शिक्का नाही ना." एरवी हसले असते. त्या दिवशी उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. तेव्हा मला कळलं की घोडं फार आत अडलंय. पोटापाण्याची भीती मला नव्हती, माझं मशीन चालू होतं. भीती वेगळीच होती. हा माणूस पंपांशिवाय चार वर्षं घरात बसला तर फ्रिजला कान लावून लावून खचून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

लेकीने दुसऱ्याच दिवशी क्लास शोधून काढला. एका चपलांच्या दुकानावरची खोली, अरुंद जिना, वर बारा खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीवर एक हातआरसा. शिकवणारी मुलगी आमच्या लेकीहूनही लहान दिसायची, पायात कापडी बूट. शिकायला येणाऱ्या बहुतेक परदेशी निघालेल्या नर्स, शिवाय हॉटेलात काम करणारी दोन मुलं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम बरोबर गेले, नाहीतर हे जिन्यावरूनच परतले असते. मग रोजच जायला लागले. मागच्या खुर्चीवर बसून गणवेशांची दुमड घालायचे. म्हणून सांगते त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मॅडमनी, म्हणजे त्या मुलीने, पहिल्याच दिवशी तोंडासमोर वही धरली. म्हणाली, "काका, मी एकेक शब्द म्हणते. 'शिप' म्हणजे जहाज, ऐकू आलं तर एक बोट वर करा. 'शीप' म्हणजे मेंढी, ऐकू आली तर दोन." वीस शब्द झाले. ह्यांची बोटं अगदी आत्मविश्वासाने वर जात होती.

"काका, वीसपैकी दहा."

"म्हणजे निम्मे आले," हे खुशीत म्हणाले.

"नाही काका. न ऐकता नुसती बोटं वर केली असती तरी दहाच आले असते."

खोलीत कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. ह्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले. खरं सांगते, या कानाचा तोरा कोणीतरी एकदा उतरवावा असं मला कितीदा वाटलं होतं. पण तो उतरवला तेव्हा मला त्या पोरीचा असा राग आला, की हातातली सुई बोटात घुसली.

जिना उतरताना हे म्हणाले, "ती दोन्ही शब्द एकसारखेच म्हणते. फसवतेय आपल्याला."

"अहो, नाही हो. मला ऐकू आला फरक."

हे मी बोलायला नको होतं. पुढचे दोन दिवस आमच्या घरात फक्त शिवणाचं मशीन बोलत होतं.

मॅडमचं म्हणणं असं, की काका लांबी मोजतात. शाळेत पहिली वेलांटी आखूड आणि दुसरी लांब असं घोटून घेतलं, ते डोक्यातून जात नाही. ती मुद्दाम आखडायचं ते लांबवून म्हणायची, लांबवायचं ते आखडून म्हणायची आणि हे दर वेळी फसायचे. "लांबी सोडून द्या, काका. आवाजाची जात ओळखा. आणि तीन आठवडे तोंडातून इंग्रजी काढायचं नाही. जे कानाला कळत नाही ते जिभेला जमणार नाही." नर्सना बोलायची परवानगी आणि ह्यांना बंदी. पहिलीतल्या मुलासारखे तोंडावर बोट ठेवून बसलेले असायचे.

घरीही तेच. खिडकीशी बसून कानाला यंत्र लावायचं आणि ध्वनिफितीवर शब्द आला की एक बोट किंवा दोन बोटं. शेजारीण समोरच्या खिडकीतून दोन दिवस बघत होती. शेवटी दार वाजवून विचारायला आली, "भाऊजींना दोन काय हवंय?" मी सांगितलं, मेंढ्या. ती निघून गेली आणि बरेच दिवस माझ्याकडे जरा काळजीने बघायची.

मार्क मात्र हलेनात. दहा, अकरा, मध्येच नऊ. 'बेड' आणि 'बॅड' हा फरक आपला असल्यासारखा लगेच आला, पण जहाज आणि मेंढी काही वेगळी होईनात. 'फुल' म्हणजे भरलेलं आणि 'फूल' म्हणजे मूर्ख, यांचंही तेच. तीन महिन्यांतले तीन आठवडे असे गेले. मी म्हटलं, "जाऊ द्या, नाही येत तर नाही येत." तर म्हणाले, "त्या नर्सना येतंय, तुला येतंय, मला का नाही? पंपाचं मला ऐकू येतं ते तरी खरं होतं का?" एकतीस वर्षांवर हा माणूस संशय घ्यायला लागला होता. मी उगाच चहाच्या भांड्यावर राग काढला.

चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी ह्यांनी क्लासमध्ये पिशवीतून पेचकस काढला. घरून निघताना तो कधी आत टाकला, मला पत्ता नाही. मॅडमनी ध्वनिफीत लावली होती. हे उठले, टेबलावरच्या स्पीकरच्या खोक्यावर पेचकसाचं टोक टेकवलं, मूठ उजव्या कानाला लावली, डाव्या कानात बोट घातलं आणि डोळे मिटले. हॉटेलवाली मुलं हसून फुटलीच. एका नर्सने तोंडावर रुमाल धरला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी फीत पुन्हा पहिल्यापासून लावली.

वीसपैकी सतरा.

"काका, काय केलंत तुम्ही?"

हे म्हणाले, "मॅडम, आजवर मी शब्द ऐकत होतो. शब्द आला की त्याच्यामागे जहाज येतं, मेंढी येते आणि मी अंदाज बांधत बसतो. पंप कधी अर्थ सांगत नाही. आवाज कुठून येतोय तेवढंच सांगतो. या काठीतून शब्द गेला आणि नुसता आवाज उरला. तुमची मेंढी पुढून येते, वरून, दातांच्या अगदी मागून. जहाज त्याच्या जरा खालून येतं, जरा आतून. मधलं अंतर इतकंसं." आणि त्यांनी अंगठा न् बोटात ते अंतर दाखवलं.

मग खडू घेतला आणि फळ्यावर तोंड काढलं. पंप मधोमध कापून दाखवतात तसं कापलेलं तोंड. जबडा म्हणजे बाहेरचं घर, आत जीभ. त्यात ठिपके देत गेले. हा इथला, हा खालचा, 'लॉ'चा स्वर मागचा आणि खालचा, 'लो'चा सुरू होतो इथे आणि वर सरकत जातो.  मॅडमनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, एक पान उघडलं आणि फळ्याशेजारी धरलं. त्यात एक वाकडी चौकट होती आणि चौकटीत ठिपके. ह्यांचे ठिपके आणि पुस्तकातले ठिपके जवळजवळ एकाच जागी होते.

"काका, हा नकाशा समजायला मला कॉलेजात एक वर्ष लागलं," मॅडम म्हणाल्या.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारच्या नर्सला मी म्हटलं, "आमचे हे," जसं काही तिला ठाऊकच नव्हतं. हसणारी दोन्ही मुलं वहीत तो फळा उतरवून घेत होती.

त्यानंतर बोलायची बंदी उठली. आरशात ओठ बघायचे, हनुवटीखाली हात धरून जबडा किती उतरतो ते मोजायचं, घट्ट स्वराला बोटांतला रबर ताणायचा, सैलाला सोडायचा. घरात आरशासमोर असा काही कारभार चालायचा की नव्या माणसाला वाटावं, ह्यांची दाढ दुखतेय. एकेक स्वर खणखणीत यायला लागला. मी निश्चिंत झाले आणि तिथेच फसले.

परीक्षेला महिना उरला असताना मॅडमनी शेजारच्या खोलीतून फोन करून सराव घेतला. बाहेर आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. "काका, सुटा स्वर म्हणाल तर एकालाही नाव ठेवायला जागा नाही. पण वाक्य कळत नाही." एवढी मेहनत करून पुन्हा तेच.

ही चूक दुसऱ्या कोणाला सुचलीही नसती. ह्यांनी सगळे स्वर सारखे आवळले होते. पंपाचं तोंड नळाला जोडताना गोलातले आठही बोल्ट एकाच जोराने आवळायचे. एक जरी ढिला राहिला तरी पाणी गळतं. हा धडा ह्यांनी आजवर निदान शंभर जणांना दिलेला आणि ढिला बोल्ट दिसला की समोरच्याची बिनपाण्याने केलेली. तोच हात जिभेवर चालवला. 'टेम्परेचर' म्हटलं की प्रत्येक अक्षर छाती काढून उभं. इंग्रजीत म्हणे एका शब्दात एकच स्वर पुरता म्हणायचा, बाकीचे तोंडातल्या तोंडात सोडून द्यायचे. कानाला तो एक उंच लागला की शब्द ओळखू येतो.

"एकच आवळा, काका. बाकी ढिले सोडा."

"ढिलं सोडलं की गळतं, मॅडम."

पंधरा दिवस हेच चाललं. सोडायचं म्हटलं की ह्यांच्या हाताच्या मुठी वळायच्या. कामचुकारपणा केल्यासारखं वाटतं म्हणायचे. एका संध्याकाळी पडद्याला दुमड घालता घालता मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, तुमच्या त्या पंपात सगळंच आवळलेलं असतं का? मग फिरतं कसं?"

"सगळं कसं आवळून चालेल? आतल्या दांड्याला फिरायला जागा ठेवावी लागते. केसाएवढी. नाहीतर जाम होतो."

"मग?"

 ह्यांनी कपात अर्धा चहा तसाच ठेवला आणि आरशाकडे गेले. हे श्रेय मी आजतागायत कोणाला वाटून दिलेलं नाही आणि देणारही नाही. मॅडमना हवं असेल तर त्यांनी दुसरं काहीतरी घ्यावं.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक बाई या वेळी स्वतः आल्या होत्या. परीक्षा अशी, की त्या आठ खुर्च्यांपैकी एकीवर बसायचं आणि येतील ते खरे तीन फोन घ्यायचे. बाई शेजारी बसून दुसऱ्या यंत्रातून ऐकणार आणि कागदावर मार्क देणार. मी मशीनवर बसले होते, पण त्या दिवशी उसवलंच जास्त.

पाच वाजता हे आले. बूट काढले, बसले आणि म्हणाले, "बहुतेक नापास."

"का? काय झालं?"

"पहिले दोन फोन छान झाले. बाई मान हलवत होत्या. तिसऱ्यात मी मुद्दाम चुकीचं बोललो."

माझं डोकंच फिरलं. "मुद्दाम? तीन महिने आरशासमोर तोंड वेडंवाकडं केलंत, शेजारपाजारी माझं हसं करवलंत आणि ऐन वेळी मुद्दाम?"

"अगं, ऐकून तर घे."

तिसरा फोन होता कुठल्याशा लांबच्या देशातल्या एका छोट्या दवाखान्याचा. बोलणारा तिथला मिस्त्री. त्याची भाषा निराळी, इंग्रजी ह्यांच्यासारखंच मागाहून शिकलेलं. दवाखान्याला सकाळपासून पाणी नाही, पंप घरघरतोय, माणूस घाबरलेला. ह्यांनी मॅडमनी शिकवल्याबरहुकूम सुरुवात केली. एक स्वर आवळलेला, बाकी सोडलेले. तो म्हणाला, "सॉरी?" ह्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा, "सॉरी, सॉरी." तिसऱ्या वेळी त्याचा आवाज रडवेला झाला. माझं इंग्रजी वाईट आहे, म्हणाला, फोन ठेवतो.

"मग मी त्याचं बोलणं ऐकलं," हे म्हणाले. "नुसता आवाज ऐकला. तो काहीच सोडत नव्हता गं. सगळे स्वर सुटे, सगळे सारखे. त्याचा 'अ' जरा पुढून यायचा आणि 'इ' एकच होती, जहाजालाही तीच आणि मेंढीलाही तीच. त्याच्या तोंडाचा नकाशा माझ्यासमोर उभा राहिला. मग मी तसंच बोललो. तो व्हॉल्व्हला 'वालवा' म्हणत होता, मीही 'वालवा' म्हटलं. बाईंनी मान वर करून बघितलं. लिहिताना पेन थांबलेलं मला दिसलं. मला कळत होतं काय होतंय ते."

"आणि तरी?"

"तिकडे आजारी माणसं पाण्यावाचून होती ना."

फोन पंपाजवळ धरायला सांगितला. आत खडी फिरतेय असा आवाज. पाणी ओढायच्या बाजूची जाळी तुंबली होती. पंप बंद कर, वालवाही बंद कर, जाळी काढ, धू, बसव, वालवा पूर्ण उघड, हवा जाऊ दे, मग चालू कर. पाऊण तास त्याच्या बोलीत सांगत राहिले. शेवटी पाणी आलं तेव्हा तो मिस्त्री आपल्या भाषेत काहीतरी ओरडला आणि मागून बायकांचे आवाज आले. बाईंनी कागद घडी करून ठेवला.

 नापास झालेत हे मी धरूनच चालले होते. तरी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि तोंडाने सांगितलं, "मला तुमचा अभिमान वाटतो." आमच्याकडे असं बोलायची पद्धत नाही. दोघेही जरा अवघडलो आणि मग मी चहा टाकायला उठले.

मार्क तिसऱ्या दिवशी कळणार होते. पासाला साठ लागतात, ह्यांना मिळाले होते अठ्ठावन्न. शेरा होता, 'तिसऱ्या संभाषणात उच्चार ढासळले.' साहेबांनी ह्यांना तो कागद द्यायला बोलावलं, बाईही तिथे बसल्या होत्या. तेवढ्यात बाहेरच्या खुर्चीवरून निरोप आला, त्या दवाखान्याचा फोन आहे आणि तो माणूस कोणाशीच बोलायला तयार नाही. बाई स्वतः गेल्या. फोन घेतला आणि आपल्या स्वच्छ, सुंदर इंग्रजीत विचारलं, मी काय मदत करू? इथे प्रत्येक जण जाणकार आहे.

तो म्हणाला, नको. मला परवाचा माणूस द्या. बाईंनी विचारलं, कोणता? तर म्हणाला, तो आमच्याकडचा. एवढ्या लांब तुमच्याकडे आमचा माणूस कसा आला, आमच्या कोणत्या गावचा आहे तो?

बाईंनी त्याला फोनवर थांबायला सांगितलं, असं हे सांगतात. मग परत आत आल्या, साहेबांच्या हातातला कागद काढून घेतला, शेरा खोडला आणि ह्यांना म्हणाल्या, "जा, तुमच्या खुर्चीवर फोन आहे."

त्या संध्याकाळी हे आम्हाला सांगत होते. जेवताना लेकीला सांगितलं, मग शेजारणीला बोलावून सांगितलं, मग मॅडमना फोन लावून सांगितलं. झोपायच्या आधी पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, 'आमचा माणूस' म्हणाला तो."

मी म्हटलं, "हो का? काय म्हणाला?"

आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.